रंगण्णांचे चोवीस ग्लास

रंगण्णांच्या घरी पाहुण्याला पाणी मिळायचं ते पितळी लोट्यातून. काचेचे ग्लास नव्हते असं नाही, चांगले चोवीस होते. पण ते सगळे गोगलगायींसाठी राखीव होते.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. बंगळूरच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी आणि सुधा पुण्याहून येऊन रंगण्णांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलो. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. घरात मराठी, पण तिला कानडीची सढळ फोडणी. रंगण्णा गुरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत होते. गुरांच्या पोटातले चपटे कृमी आधी तळ्यातल्या गोगलगायीत वाढतात, म्हणून हे गृहस्थ सायकलवरून तळी पालथी घालत आणि डबाभर गोगलगायी घरी आणत.

सकाळी ग्लासात पाणी, पाण्यात एकेक गोगलगाय आणि ग्लास कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात. ऊन लागलं की कृमींची पिल्लं तिच्या अंगातून पाण्यात उतरत. मग रंगण्णा भिंग लावून पाहत आणि त्या गोगलगायीच्या शंखावर लाल ठिपका देत.

"आत भाडेकरू शिरलाय," ते म्हणत. माझा चेहरा बघून घाईने जोडत, "तुम्ही नव्हे हो! हा भाडेकरू मालकिणीचं सगळं खातो. वरून बघाल तर ती चांगली धष्टपुष्ट, इतरांहून मोठी. पण अंडी घालणं बंद."

"मग नवरा काय करतो?" सुधाने एकदा विचारलं.

"नवरा वेगळा नसतोच, अक्का. एकाच अंगात नवरा, त्यातच बायको. म्हणून दोष एकमेकांवर ढकलता येत नाही. भारी सोय!"

ठिपकेवाल्या गोगलगायी प्रयोगशाळेत ठेचून तपासत. रंगण्णा त्यातल्या निम्म्या घरीच लपवून ठेवत आणि मोठ्या घंगाळात सांभाळत. कोवळा पालक आधी घंगाळात जाई. "उरला तर आम्हाला," त्यांची बायको पद्मक्का हसत सांगे. सुधाला दिवस गेल्यापासून मात्र त्या बाईने घंगाळाच्याही आधी तिचं बघायला सुरुवात केली. रोज लिंबू पिळलेला चित्रान्न भात, नाहीतर गरम सार. स्वतःला मूल नव्हतं, लग्नाला वीस वर्षं झाली होती.

सातव्या महिन्यात माझी आई पुण्याहून आली. पहिल्याच सकाळी भिंतीवरचे चोवीस ग्लास आणि त्यांच्यापुढे वाकलेले रंगण्णा पाहून तिला भरून आलं. "केवढी ही सूर्योपासना!" म्हणत तिने हात जोडले आणि तीर्थ घ्यायला एक ग्लास उचलला.

"अम्मा, बेडा, बेडा!" रंगण्णा ओरडले. "नको! त्यात स्वल्प प्राणी आहेत!"

आईने आत पाहिलं, गोगलगायीने शिंगं बाहेर काढली, आणि ते घर आईच्या मनातून उतरलं ते उतरलंच.

डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी आई अंगणात बसून बोलवायच्या बायकांची नावं काढत होती. सुधा म्हणाली, "पहिली ओटी पद्मक्का भरतील."

"वेडी आहेस का? जिची कूस उजवली नाही तिच्या हातून ओटी?"

सुधा रडकुंडीला आली. मी वर्तमानपत्रात तोंड घातलं, याची मला आजही लाज वाटते. भिंतीपलीकडे ग्लास विसळण्याचा खळखळाट एकदम थांबला.

रंगण्णा फाटकातून आत आले. हातात ग्लास तसाच होता. गोगलगायींवर तासभर बोलणारा हा माणूस शब्द शोधू लागला.

"अम्मा, पद्मात काही दोष नाही. डॉक्टरने कित्येक वर्षांपूर्वीच सांगितलं. दोष माझ्यात आहे. लोक तिला बोलतात, ती ऐकून घेते आणि मला बोलू देत नाही."

आई मग उठली, पदर सारखा केला, कुंकवाची कोयरी घेतली आणि स्वतः पद्मक्काला आमंत्रण द्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी पहिली ओटी पद्मक्काने भरली. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं बोलायला?" असं ती सकाळीच नवऱ्यावर ओरडल्याचं आम्ही ऐकलं होतं. आता मात्र ती दारातून सारखी भिंतीकडे बघत होती.

तिकडे रंगण्णा भिंग डोळ्याला लावून, मान खाली घालून, एका ग्लासात केव्हाचे पाहत होते. त्यांना बोलवायला मी जवळ गेलो. ग्लासात गोगलगाय नव्हतीच.