बबनरावांची पारख

कलिंगड पारखावं तर बबनरावांनीच! हे पाटसमध्ये दुसरं कुणी म्हणत नव्हतं, बबनराव स्वतःच म्हणायचे. बुडाशी पिवळा डाग हवा, देठ वाळलेला हवा, उचललं की हात खाली ओढला पाहिजे आणि टिचकी मारली की ‘डब्’ असा भरीव आवाज आला पाहिजे. एवढं ऐकवल्याशिवाय ते बाजारात कुणाला फळ घेऊ देत नसत.

याच विद्येनं घात केला. नवे जावई पहिल्यांदाच जेवायला आले, त्या दिवशी बबनरावांनी निवडलेलं कलिंगड कापलं तर आत पांढरंफटक! भागुबाई जावयांसमोरच म्हणाल्या, "अगं बया, दुधी भोपळा आनलाय की!" सगळे हसले आणि बबनरावांचं डोकं फिरलं.

"माझी पारख याच्या आधी एकदाच चुकली व्हती," ते गरजले. "तुला बघाया आलतो तवा!"

दुसऱ्या दिवशी भागुबाई केंदूरला भावाकडं निघून गेल्या.

त्याला आता महिना होत आला. साखर कारखान्याचा हंगाम संपलेला, कामावर जायचं नाही, घर नुसतं खायला उठायचं. बबनराव सवयीनं चहा दोन कप टाकायचे आणि दुसरा कप गार होईस्तोवर त्याच्याकडं बघत बसायचे. भागूशिवाय करमतच नव्हतं हो! पण माफी मागायची म्हटली की जीभ टाळूला चिकटायची. मग ठरलं. जिभेचं काम कलिंगडानं करायचं! लालभडक कलिंगड तिच्यापुढं कापायचं, की राग पळालाच!

राहू गावच्या एका मळ्यात मालक वैतागेपर्यंत टिचक्या मारून त्यांनी एक फळ निवडलं. उन्हानं खराब होऊ नये म्हणून पलंगाखाली गार फरशीवर वाळू पसरून, वर गोणपाट पांघरून रात्रभर ठेवलं. मग ते लेकरासारखं पोटाशी धरून चौफुल्याला शिक्रापूरची एस.टी. धरली.

शेजारी दगडोबा नावाचे एक पागोटेवाले आप्पा होते. फळाकडं बघून म्हणाले, "पावनं, फसलात. कच्चं हाय."

"लाल हाय, आप्पा! मी सोता पारखलंय!"

दगडोबांनी टिचकी मारली आणि मान हलवली. मागच्या सीटवरून सखूबाई नावाच्या म्हातारीनं वाकून टिचकी मारली. कंडक्टरनं तर तिकिटं सोडून टिचकी मारली. तिघांचं एकमत झालं, आत पांढरं!

बबनरावांनी फळ आणखी घट्ट धरलं. मेव्हण्याच्या दारात पुन्हा पांढरं निघालं तर? भागू जन्मात परत यायची नाही!

"काढा चाकू!" ते म्हणाले.

दगडोबांनी कमरेचा चाकू काढून छोटी त्रिकोणी फोड कापली. लालभडक! बबनराव सीटवर उभेच राहिले. "बघा! बघा म्हनलं!"

"हे एका अंगाचं झालं," दगडोबा म्हणाले. "पलीकडच्या अंगाला काय हाय, कुनाला ठावं?"

पलीकडूनही फोड काढली. लाल!

"लाल हाय, पर गोड हाय का?" असं म्हणून सखूबाईंनी ती तोंडात टाकली. "बरं हाय. पर देठाकडं फिक्कं असतंय बघा."

देठाकडची फोड कंडक्टरनं चाखली. बुडाकडची ड्रायव्हरकडं गेली आणि त्यानं निकाल द्यायला गाडी लिंबाखाली उभीच केली. तेवढ्यात मागची बाकडी ओरडली, "आमी काय मत द्यायचंच न्हाई व्हय?"

बबनरावांना तर जिंकल्याची नशा चढली होती. "घ्या! तुमी बी घ्या!"

शिक्रापूर आलं तेव्हा अख्ख्या गाडीनं मान्य केलं होतं, की असं कलिंगड तालुक्यात नाही! आणि बबनरावांच्या मांडीवर नुसती साल उरली होती.

ती टाकवेना. निदान लाल होतं एवढा पुरावा तरी राहील, म्हणून साल घेऊनच ते जीपनं केंदूरला पोचले. दारात मेव्हण्याची बायको सिंधूबाई उभी होती.

"या, दाजी! म्हशीला आनलं व्हय?"

"भागूला बोलीव. म्हनावं लाल निघालं! आख्खी एस.टी. साक्षीला हाय!"

"आवं, आक्का तर सकाळच्याच गाडीनं पाटसला गेल्या! म्हनल्या, त्यांची वाट बघत बसले तर हितंच म्हातारी व्हईन."

बबनरावांचा हात खिशात गेला. घराची चावी तिथंच होती. आणि परतीची गाडी आता उद्या सकाळीच!

ते धावत एस.टी.डी. बूथवर गेले आणि पाटसला घरासमोरच्या म्हस्कू दुकानदाराला फोन लावला. म्हस्कूनं भागुबाईंना हाक मारली.

"हॅलो, भागू..."

"कुटं उलथलात कुलूप लावून? भर उनात मला ओट्यावर बसवलं! बाई मानूस दारात, आन् तुमी गावभर हुंदडताय! काय अक्कल हाय का न्हाई?"

भागुबाईंचा पट्टा सुरू झाला तो थांबेचना. बबनराव रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभे होते. किती दिवसांनी हा आवाज ऐकला! डोळ्यांत पाणीच आलं आणि जीभ आपोआप सुटली.

"चुकलो गं, भागू. तसं बोलाया नको व्हतं. आता उनात बसू नगं. कुलूप तोड आन् आत जा."

"ते कवाच तोडलं. घर झाडून, च्या पिऊन बी झाला."

"आं? मग इतका येळ शिव्या कशापायी दिल्यास?"



"महिनाभर दुसऱ्या कुनाला देनार व्हते?" भागुबाई म्हणाल्या. "पहिल्या गाडीनं या. अजून लई शिल्लक हायेत."