टोपीची तपासणी

सुरक्षेचा पाया म्हणजे नियम, आणि नियम पाळणाऱ्याला अडवता येत नाही, हे सर्वमान्य आहे. (चोरालाही मान्य आहे.)

शरीर नावाच्या विशाल आस्थापनेत, नाकाच्या आतल्या भिंतीवरच्या एका पेशीत, मामा पहारेकरी होते. पलीकडच्या पेशीत त्यांचा धाकटा भाऊ त्याच हुद्द्यावर होता. मामांचं काम एवढंच, की आत फिरणाऱ्या प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर टोपी आहे ना, ते पाहायचं. घरचे संदेश टोपी घालूनच निघतात. बोडका दिसला की तो विषाणूचा, मग घंटा दाबायची, म्हणजे शेजारीपाजारी दारं लावून घेतात. ही पद्धत इतकी निर्दोष होती, की समितीने तोंड बघण्याचं कलम अनावश्यक म्हणून वगळलं होतं.

त्या सकाळी एक पाहुणा आला.

"टोपी?"

"ही काय, मामा!"

टोपी अस्सल होती. थोड्याच वेळापूर्वी घरच्याच एका संदेशाच्या डोक्यावरून ती उडवलेली होती. (तो संदेश बोडका सापडल्याने, मामांच्या नजरेस पडण्याआधीच, कचरा विभागाने त्याची नियमानुसार विल्हेवाट लावली.) पाहुण्याने टोपी घातली होती. कोणाला, असा रकाना नोंदवहीत नव्हता.

दुपारपर्यंत एकाचे दहा हजार झाले. मामांनी समाधानाने लिहिलं, "बोडके शून्य. शिस्त उत्तम." मग त्यांच्या लक्षात आलं, की सकाळपासून ओळखीचं एकही तोंड दिसलेलं नाही.

"काय रे, तू कोणाचा?"

"मामा, टोपी बघा की. कोणाचा, हे विचारायचं कलम आहे का?"

कलम नव्हतं. मामांनी घंटा दाबली, तर तार कापलेली. तेवढ्यात पाहुण्यांनी त्यांच्या पाठीवर चिठ्ठी डकवली, 'निकामी'. कचरा विभाग तत्परतेने हजर झाला.

"अरे, मी मामा! चांगलं ओळखता मला!"

"ओळखतो हो. पण चिठ्ठी आहे ना पाठीवर. चला."

मामांना स्वतःची फिकीर नव्हती, धाकट्याची होती. ओढून नेताना ते भिंतीपलीकडे जिवाच्या आकांताने ओरडले, "धाकट्या, टोपी बघत बसू नकोस, तोंड बघ!"

मधल्या गोंगाटात निम्मंच पोहोचलं.

"टोपी ना? बघतोय की, दादा!" धाकटा अभिमानाने म्हणाला. "एकही बोडका सोडत नाही!"

अखेर कुठल्याशा दूरच्या पेशीत एक घंटा वाजली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी कणकण आणि शिंकांच्या रूपाने मालकापर्यंत पोहोचली. मालक म्हणजे आपणच. आपण "हवा बदललीय, दुसरं काय!" म्हणत तोंड धुतलंत आणि वेळेवर कामाला निघालात. दारावरच्या पहारेकऱ्याने आपल्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं आणि कडक सलाम ठोकला.

तोंडाकडे त्यानेही पाहिलं नाही.