पातळी : प्रगत

"पाचच्या आत फॉर्म भरा, नाहीतर माझी रविवारची जागा जाईल," असा बायकोचा निरोप फोनवर आला, तेव्हा शंकासुर एका गृहस्थाचा दावा फेटाळण्यात गुंतला होता.

विमा कंपनीच्या दावे विभागात त्याला अकरा वर्षं झाली होती. खरं नाव वेगळं होतं. शंकासुर हे नाव हाताखालच्या चौदा जणांनी ठेवलेलं, आणि ते ठेवण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. हा माणूस कागद वाचत नसे, कागदावर संशय घेत असे. जन्मतारखेत दोनाचा तीन झाला की दावा परत. "चुकून झालं हो साहेब," असं कोणी काकुळतीला येऊन म्हणालं की त्याचं उत्तर ठरलेलं असे, "चुकीचं काय आणि खोटं काय, कागदाला दोन्ही सारखंच."

बायको गेले आठ महिने गावाबाहेरच्या एका जुन्या गोदामात भिंत चढायला जात होती. भिंतीला रंगीत खुंट्या, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराचं दुसरं टोक खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात. रविवारी पहिल्यांदाच खऱ्या कातळावर जायचं होतं. नेमकं बुधवारी तिच्या जोडीदारणीने, म्हणजे दातांच्या डॉक्टर असलेल्या मैत्रिणीने, बरणीचं झाकण उघडताना मनगट मुरगळून घेतलं. जोडीदार नाही तर जागा नाही, असा क्लबचा नियम. बायकोने घरात नजर टाकली, तर घरात एकच माणूस होता.

"तुम्हाला फक्त दोर धरायचाय," ती म्हणाली होती. "शनिवारी ते तुमची पातळी बघतील. काही येत नसेल तर शिकवतात. फॉर्ममध्ये जे खरं ते लिहा म्हणजे झालं."

"मी फॉर्ममध्ये खोटं लिहीन?" शंकासुराला हे जिव्हारी लागलं होतं.

त्याने समोरचा दावा बाजूला सारला आणि फॉर्म उघडला. नाव, वय, वजन झालं. 'व्यवसाय' या रकान्यात त्याने 'विमा' लिहिलं. पुढे होतं, 'लीड करता का? किती वर्षे?' तो टीम लीडच होता. 'होय. अकरा.' मग 'सध्याची ग्रेड?' गेल्याच एप्रिलमध्ये बढती मिळून त्याची पगाराची ग्रेड सहा-बची सात-अ झाली होती. क्लबला या चौकशा कशाला, असं त्याला क्षणभर वाटलं, पण दुसऱ्याच्या पगारात कोणाला रस नसतो? 'सात-अ.' त्यापुढे होतं, 'बिले देता का? अनुभव लिहा.' इथे त्याची छाती फुगली. दवाखान्यांची बिलं तपासून मंजूर करून देणं हे तर त्याचं रोजचं काम. 'होय. रोज. अकरा वर्षांत एकही चुकून सुटलेले नाही.' शेवटी 'कधी पडला आहात का?' असा प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी माळ्यावरची बॅग काढताना तो स्टुलावरून पडला होता. 'होय. एकदा. घरीच.' तळाशी एक वाक्य होतं : 'माहिती खोटी आढळल्यास दोघांचीही जागा रद्द होईल.' ते त्याला इतकं आवडलं की त्याने दोनदा वाचलं.

आता कातळ चढणाऱ्यांच्या बोलीत लीड म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढून वाट काढणारा. ग्रेड म्हणजे वाट किती अवघड त्याचं माप, आणि सात-अ म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारी वाट. आणि बिले देणं म्हणजे खाली उभं राहून वरच्याचा दोर सांभाळणं. हे त्याला कोण सांगणार? फॉर्म मराठीत होता आणि मराठी त्याला चांगली येत होती. घात झाला तो तिथेच.

संध्याकाळी क्लबचं उत्तर आलं. 'पातळी : प्रगत. आपल्यासारखे सदस्य लाभणे हे आमचे भाग्य. शनिवारी सकाळी सात वाजता यावे.'

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"घेतलं."

"पातळी कुठली दिली?"

बायकोला आठ महिने घाम गाळून 'प्राथमिक-दोन' मिळाली होती. शंकासुराने फोन उपडा ठेवला. "बरी दिलीय," तो म्हणाला. माणसाचा स्वभाव नुसत्या फॉर्मवरून ओळखणारी माणसं अजून जगात आहेत, याचं त्याला बरं वाटलं होतं. रात्री झोप छान लागली.

शनिवारी गोदामाच्या दारातच क्लबचे मास्तर उभे होते. साठीचे, सडसडीत, दोरखंडासारखे हात. बायको पट्टा बांधायला आत गेली आणि मास्तरांनी शंकासुराचा हात दोन्ही हातांत धरला.

"या, या! सात-अ म्हणजे तुम्हीच ना?"

"हो. गेल्या एप्रिलपासून."

"या वयात!"

"तसा उशीरच झाला," शंकासुर विनयाने म्हणाला. "पण वरचा हलल्याशिवाय आपल्याला सरकता कुठे येतं?"

"अगदी लाखमोलाचं बोललात! आणि घरीच पडलात म्हणे? म्हणजे घरी वॉल आहे तुमच्या?"

प्रश्न जरा विचित्र होता, पण शंकासुराने खरं ते सांगितलं. "आहेत की. पाच-सहा."

"पाच-सहा!"

"हॉलमधली मोठी आहे. स्वयंपाकघरातली जराशी ओल धरते."

मास्तरांनी टाळ्या वाजवून भिंतीपाशी जमलेल्या पंधरा-वीस जणांना गोळा केलं. "इकडे या सगळे! यांच्या घरी सहा वॉल आहेत!" गर्दीतून बायकोचा चेहरा वर आला. तिच्या कपाळावर अशी आठी होती की शंकासुराने लगेच छताकडे पाहिलं.

छताकडे पाहिलं ते बरं झालं नाही. समोरची भिंत वर जाता जाता माणसांच्या अंगावर झुकलेली होती, आणि तिच्यावर अंगठ्याएवढ्या नारिंगी खुंट्या एकमेकींपासून फटकून बसल्या होत्या.

"ही आमची सात-अ," मास्तर म्हणाले. "बांधून वर्ष झालं, अजून कोणी पुरी केलेली नाही. आज बघायला मिळणार."

मास्तरांच्या हातातला आपला फॉर्म शंकासुराला दिसला. लीड. ग्रेड. बिले. एकेक रकाना त्याच्या डोक्यात उलगडत गेला.

"मास्तर, एक सांगायचं होतं..."

"नंतर सांगा. आधी या बाईंचं बघतो." दाराशी एक बाई पाठीला बॅग लावून, बूट बांधून उभी होती. "ताई, तुमची जोडी आता प्रतीक्षा यादीत पहिली. काल एकाने फॉर्ममध्ये खोटं लिहिलं होतं, त्या दोघांना काढलं म्हणून तुम्ही इथवर आलात. आणखी कोणी गळलं तर तुम्ही आत." मग ते शंकासुराकडे वळले. "खोटं मला खपत नाही. ऑफिसात खोट्याने फाईल अडते, कातळावर माणूस जातो. तुम्ही काय सांगत होतात?"

ती बाई आशेने एकेकाचं तोंड बघत होती. पलीकडे बायको उभी होती. रविवारसाठी तिने आठवडाभर आधी बॅग भरून ठेवली होती.

"काही नाही," शंकासुर म्हणाला.

"दोराची गाठ तुम्हीच मारणार ना?"

"नको. तुमच्याच हातची असू द्या."

"बघा रे, याला म्हणतात नम्रपणा!" मास्तरांनी गाठ मारली. दोर छताच्या कडीतून फिरून खाली येत होता, त्याचं दुसरं टोक त्यांनी बायकोच्या पट्ट्यात अडकवलं. "बिले मॅडम देतील." वरचा माणूस जड आणि खालचा हलका असला की मास्तर खालच्याला वाळूची पिशवी बांधत. तशी ते आणायला निघालेही, पण अर्ध्यातून परतले. "छे! सात-अवाला थोडाच पडतोय?"

बायको त्याच्या कानाशी आली. "अहो, तुम्ही कधी चढला होतात?"

"नंतर सांगतो."

"नंतर कधी? पंखा पुसायला स्टुलावर चढा म्हटलं तर तुम्हाला चक्कर येते!"

पण तोवर त्याने पहिली खुंटी धरली होती. भीतीने अंगात बळ येतं म्हणतात, ते काही खोटं नाही. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी खुंटी त्याने कशी गाठली ते त्यालाच कळलं नाही. दोन पुरुष उंचीवर भिंत बाहेर झुकली आणि बळ संपलं. डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडू लागला.

"बघा, थांबलेत," मास्तर हळूच म्हणाले. "वाट वाचतायत."

शंकासुराने डोळे गच्च मिटले होते.

"अगं," वरून बारीक आवाज आला.

"काय हो?"

"सात-अ ही माझी पगाराची ग्रेड आहे."

बायकोने खालून विचारलं, "आणि लीड?"

"टीम लीड."

"आणि बिले?"

"दवाखान्याची."

कोणीतरी फिस्सकन हसलं. बायको हसली नाही. तिने पाय फाकवून जमिनीवर रोवले. "हात सोडा. मी धरलंय."

"नक्की धरलंयस?"

"धरलंय."

"एकदा बघून सांग."

"अहो, धरलंय म्हणते ना!"

आणि तो सुटला. ब्याण्णव किलो खाली निघाले, म्हणून दोराच्या दुसऱ्या टोकाचे एकावन्न किलो वर निघाले. माणसं ओरडली, मास्तर धावले. दोर करकरला, ताणला आणि थांबला. मध्यावर, जमिनीपासून पुरुषभर उंच, नवरा-बायको नाकासमोर नाक आणून लोंबकळत राहिले.

"सुटला नाही ना दोर?" शंकासुराने डोळे मिटूनच विचारलं.

"डोळे उघडा. मी समोरच आहे."

"तू वर कशी आलीस?"

"तुम्ही खाली आलात म्हणून."

त्याने डोळे उघडले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण खाली दोरावर आवळलेली मूठ तसूभर ढिली झाली नव्हती. सतरा वर्षांच्या संसारात त्याला बायकोचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाजही.

खाली पाय टेकताच तो मास्तरांपुढे उभा राहिला. "काढायचं तर मला काढा, हिची जागा घालवू नका. खोटं नाही लिहिलं हो मी, चुकून झालं." म्हणता म्हणता तो चाचरला. हे वाक्य तो अकरा वर्षं ऐकत आला होता, आणि ते म्हणणाऱ्या एकावरही त्याने कधी विश्वास ठेवला नव्हता.

मास्तरांनी फॉर्म पुन्हा वाचला. बराच वेळ वाचला. "चुकूनच झालंय," ते शेवटी म्हणाले. "खोटं बोलणारा माणूस स्वयंपाकघरातली ओल सांगत नाही."

शंकासुराला रडूच यायचं बाकी होतं.

"पण जोडीदार लागणारच. दोर सांभाळायला शिकवतो. जमलं तर ठीक, नाहीतर जागा या ताईंची." दाराशी उभ्या बाईने बॅगेचा पट्टा सरळ केला.

शिकवणं अर्ध्या तासात झालं. ती चढेल तसा दोर ओढून घ्यायचा, आणि उजवा हात काही झालं तरी दोरावरून काढायचा नाही. सावधगिरी म्हणून मास्तर स्वतः दोराचं शेपूट धरून मागे उभे राहिले. शंकासुराने गाठ पाहिली, बक्कल पाहिलं, बायकोभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि दोर कधी घेतला ते विचारलं.

"चढू का?" बायकोने विचारलं.

"थांब."

"आता?"

"थांब जरा."

सात मिनिटांनी परवानगी मिळाली आणि ती हिरव्या खुंट्यांवरून भराभर निघाली. शंकासुर मान मोडेपर्यंत वर बघत, जीभ दातात धरून वीतवीत दोर ओढत होता. निम्म्यावर तिचा पाय निसटला. पण ती बोटभरही खाली आली नाही. पुन्हा चढली, थेट वरपर्यंत. टाळ्या पडल्या.

"शाब्बास!" मास्तर म्हणाले. "आता हळूहळू सोडा, येऊ द्या त्यांना खाली."

शंकासुर हलला नाही.

"सोडा साहेब. थोडाथोडा सरकवायचा."

"सरकवला आणि सरकतच गेला तर?"

"मी मागे धरलाय ना!"

"तुमची पकड मी तपासलेली नाही."

मास्तरांनी समजावलं. मग विनवलं. मग त्याची बोटं एकेक करून उघडायला घेतली, पण मधल्यापाशी पोचेपर्यंत करंगळी पुन्हा मिटलेली असे. दाराशी उभी असलेली बाई बॅग काढून खाली बसली.

"अहो," वरून आवाज आला, "मला उतरायचंय."

"उतरशील गं. घाई काय आहे?"

"पाय भरून आलेत माझे! आणि इथून सगळं तुमचं टक्कलच दिसतंय!"

"दिसू दे."

वीस मिनिटांनी मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला. खिशातून पेन काढून त्यांनी फॉर्मवरचं 'प्रगत' खोडलं, पुढे काय लिहावं ते न सुचून रकाना तसाच ठेवला, आणि हाताचा कर्णा करून वर बघत ओरडले, "मॅडम, रविवारची जागा तुमची! यांच्या हातून तुम्ही पडणार नाही, हे मी लिहून देतो. फक्त उद्या वर जाताना जेवणाचा डबा बरोबर घ्या!"