साळवेकाकांचा उंबरा

साळवेकाकांच्या घरात सरळ शिरता येत नाही. दार उघडं असलं तरी उंबऱ्याबाहेर थांबून "आत येऊ का, सर?" असं विचारावं लागतं. आवाज पडका निघाला की काका म्हणतात, "बाहेर जाय. परत ये. आवाज पोटातून काढ, पोटातून." मग खुर्चीत बसवून स्वतःविषयी सांगायला लावतात. एकदा गॅसवाल्यालाही त्यांनी विचारलं, तुमचं बलस्थान काय? तो म्हणाला, "खांदा." काका इतके खूश झाले, की सिलिंडर बाहेरच राहिला.

काका वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. मुलाखतीला आलेली खेड्यातली पोरं मान खाली घालून परत जाताना त्यांनी नोकरीभर पाहिली. निवृत्त झाल्यावर मुकुंदवाडीतल्या खोलीत ते स्वतःच मुलाखती घ्यायला बसले. नोकरी देणं त्यांच्या हातात नव्हतं, भीती घालवणं होतं. शेजारी राहणारा मी, आमच्या घरातला पहिला पदवीधर, या उंबऱ्यावरून कितीदा तरी बाहेर गेलो, म्हणून नोकरीला लागलो.

फुलंब्रीच्या सवितापुढं मात्र काका हरले होते. बारावी झालेली हुशार पोरगी, पण स्वतःविषयी बोलायचं म्हटलं की तिची वाचाच बसायची. दोन कंपन्यांतून ती तशीच परत आली. या खेपेला अप्रेंटिस म्हणून निवड झाली नाही, तर घरचे स्थळं बघणार होते. मुलाखतीच्या आदल्या दिवशीही तेच. शेवटी काकांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाहेर गेले.

"आत येऊ का, मॅडम?"

सविताला हसू आलं. मग ताठ बसून म्हणाली, "परत या. आवाज पोटातून काढा."

काका परत आले. समोर बसले.

"स्वतःविषयी सांगा."

"मी साळवे. गेटवर होतो." काका अडखळले. "बायको गेली. घरी कोणी नाय. पोरं येतात, कामाला लागतात, मग येत नाय. लागली याचं लई बरं वाटतं. अन् घर लई शांत होतं."

सविता मॅडमच राहिली. "तुमची निवड झाली. सुट्टीच्या दिवशी कुठं जायचं नाय. मी येणार."

दुसऱ्या दिवशी वाळूजला मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा तिला म्हणे समोर काकाच दिसले. ती घडाघडा बोलली आणि कामाला लागली.

आता सुट्टीला ती येते, न विचारता खुर्चीत बसते. काका कोपऱ्यावरून गरम भजी आणतात आणि स्वतःच्याच उंबऱ्यावर थांबून आत येऊ का म्हणतात. आवाज मुद्दाम बारीक काढतात, मॅडमनी पुन्हा बाहेर पाठवावं म्हणून.