तेराव्या भागाचे साक्षीदार

"आज लाइट जाईल का गं?" भास्कर तिरोडकरांनी सकाळपासून तिसऱ्यांदा बायकोला विचारलं.

"का जाईल?" सुलभाताई वड्यांचं सारण वळत म्हणाल्या. "चारी बाजूंना कंपन्या आहेत. सिल्वासात एक वेळ पाणी जाईल, लाइट नाही जायची. आणि आज गेलीच ना, तर मी स्वतः जाऊन त्या लाइटवाल्यांना विचारीन. तीस वर्षं वाट बघितलीय!"

तिरोडकरांनी "हं" म्हटलं आणि उगाचच पंख्याकडे बघत बसले. तीस वर्षं तेही वाट बघत होते, फक्त वेगळ्या गोष्टीची. आपलं बिंग कधी फुटतंय याची.

त्याचं असं झालं होतं. तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर 'पत्ता बदलला आहे' नावाची तेरा भागांची मालिका लागायची. सिल्वासाच्या सरकारी क्वार्टर्समधली मुंबई-कोकणाकडची सगळी मंडळी त्या मालिकेपायी वेडी झाली होती. बाराव्या भागाच्या शेवटी नायिका इंदू पेटी घेऊन नागपूरच्या एसटीत चढली, कंडक्टरनं घंटी मारली आणि भाग संपला. नायक, कंपाउंडर शशिकांत, फलाटावर तसाच उभा. इंदू गेली की राहिली, हे तेराव्या भागात कळणार होतं. आणि नेमकी त्या संध्याकाळी क्वार्टर्सची वीज गेली!

तिरोडकर त्या दिवशी ऑफिसच्या कामाला मुंबईत होते. दुसऱ्या दिवशी वापीला गाडीतून उतरून जीपनं ते क्वार्टर्सच्या फाटकाशी पोचले, तर वीस-बावीस माणसं वाटेत उभी. "काय झालं हो शेवटी? गेली का इंदू?"

आता खरं काय सांगणार? चुलतभावाकडे दुपारी कोंबडी-वडे हाणून तिरोडकर जे आडवे झाले, ते रात्रीच्या बातम्यांनाच उठले होते. पण समोर वीस माणसं, त्यात नवी नवरी सुलभा डोळ्यांत पाणी आणून उभी. माणूस फसतो तो असा. "पुढच्या थांब्यावर उतरली," तिरोडकर बोलून गेले. "आणि उन्हातून चालत परत आली." बायका मुसमुसल्या, पुरुषांनी घसे खाकरले, कुणीतरी चहा आणला. त्या दिवसापासून तिरोडकर म्हणजे शेवटचा भाग पाहिलेला माणूस झाले.

पुढे क्वार्टर्स सुटली, मंडळी जवळच्याच सामरवरणीच्या सोसायटीत आली, व्हॉट्सॲपवर 'पत्ता परिवार' निघाला. अध्यक्ष कोण? अर्थात तिरोडकर! तशात मुंबईची मृणाल नावाची एक मुलगी म्हणाली, मी या मालिकेवर डॉक्युमेंटरी काढते, चाहत्यांनी पैसे घाला. ती त्याला क्राउडफंडिंग म्हणायची. परिवारानं त्याला वर्गणी म्हटलं आणि गणपतीला काढतात तशी काढली. मृणालनं कळवलं होतं, "शेवटच्या भागाचं काय झालं, तेही त्यात असेल." ते वाचून सोसायटीत आनंदीआनंद झाला आणि तिरोडकरांचं बीपी वाढलं.

चार वाजता सोसायटीचा हॉल भरला. मृणाल स्वतः लॅपटॉप आणि प्रोजेक्टर घेऊन आली होती. पोरगी चोवीस-पंचवीसची, चेहऱ्यावर दोन वर्षांची दगदग. पहिल्या रांगेत वैशालीताई बसल्या होत्या. मराठी शाळेतल्या निवृत्त बाई. त्यांनी तेरावा भाग नाशिकला माहेरी पाहिला होता. इंदूची साडी निळी होती, हे त्यांनीच सर्वांना सांगितलं होतं. त्यांच्या शेजारी चिंधा, धाग्याच्या कंपनीतला मेंटेनन्सवाला. त्यानं अमळनेरला लहानपणी पाहिला होता. चालता चालता इंदूची चप्पल तुटली, ही माहिती त्याची. हळूहळू परिवारात दहा-बारा जण तरी असे निघाले होते. एक जण तर म्हणे दोनदा पाहून आला होता! सगळ्यांचा शेवट तिरोडकरांच्याच शेवटासारखा, त्यामुळे तिरोडकरांना कधी कधी वाटायचं, आपण न बघता बरोबर ओळखलं की काय? पण मन मानत नव्हतं. खोटं ते खोटंच. आज पडद्यावर इंदू सरळ नागपूरला गेली तर तोंड कुठे लपवायचं?

म्हणून त्यांनी खुर्ची धरली ती प्रोजेक्टरच्या प्लगजवळची.

डॉक्युमेंटरी सुरू झाली. पहिली वीस मिनिटं मृणाल गाडी चालवत होती. मग ड्रोननं एक डोंगर दाखवला. मग आणखी एक डोंगर. मालिकेतलं एकही दृश्य नाही, कारण त्याचे हक्क परवडले नव्हते. त्याऐवजी कुणीतरी पेन्सिलनं काढलेली चित्रं. शशिकांतचं काम करणाऱ्या नटानं मुलाखत द्यायला नकार दिला, तो नकार मात्र सविस्तर होता.

"आपण वर्गणी डोंगरांना दिली की काय?" वैशालीताई मागे वळून म्हणाल्या.

"आणि आपली नावं कुठायत?" सुलभाताई.

"शेवटी आहेत, काकू," मृणाल हळूच म्हणाली. "शेवटी सगळं आहे. थोडं थांबा ना."

शेवट म्हटल्याबरोबर तिरोडकरांनी पायानं प्लग ओढला. पडदे ओढलेल्या हॉलमध्ये काळोख झाला.

"गेली लाइट!" ते आनंदानं ओरडले.

चिंधा मोबाइलचा टॉर्च घेऊन आला आणि आपल्या अहिराणीत म्हणाला, "काका, लाइट नही गयी. पिन निंघनी शे. तुमना पाय लागना व्हई." त्यानं प्लग खोचला आणि वर चिकटपट्टीही मारली. दहा मिनिटांनी तिरोडकर लघवीला म्हणून उठले आणि बाहेरच्या पॅनेलमधलं बटण पाडून आले. चिंधानं तेही दीड मिनिटात वर केलं आणि पॅनेलपाशी स्टूल टाकून बसला. शेवटी तिरोडकरांनी उभं राहून आभारप्रदर्शन सुरू केलं. "आज आपण सर्व..."

"अहो, खाली बसा!" सुलभाताईंनी त्यांचा शर्ट ओढला. "संपलेलं नाहीये अजून. काय चाललंय तुमचं सकाळपासून?"

तिरोडकर बसले. मनात म्हणाले, होऊ दे जे व्हायचं ते.

पडद्यावर एक म्हातारे गृहस्थ आले. मालिकेचे प्रॉडक्शन मॅनेजर. त्यांनी सावकाश पान चघळलं आणि म्हणाले, "तेरावा भाग? तो झालाच नाही हो. बाराव्यालाच प्रोड्यूसरकडचे पैसे संपले. शूटिंगच नाही, तर दाखवणार काय? त्या दिवशी आमच्या वेळेत नारळावरच्या किडीचा कार्यक्रम लागला."



तिरोडकरांना आधी काही कळेचना. मग कळलं, आणि त्यांनी मान वळवून हॉलभर नजर फिरवली. वैशालीताई पदराचं टोक निरखत होत्या. दोनदा पाहिलेला माणूस बुटाची नाडी बांधत होता, पायात चपला असून. अरे लबाडांनो! या वैशालीबाईला घाबरून आपण तीस वर्षं काढली! तिरोडकरांना इतकं हसू आलं की त्यांनी रुमाल तोंडात कोंबला.

तेवढ्यात चिंधा उभा राहिला. "हाई खोटं शे! मी मना डोयाघाई देखेल शे!"

झालं. चिंधानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हटल्यावर बांध फुटला. "म्हणजे काय, आम्ही काय वेडे आहोत?" "निळी साडी होती!" "पैसे घेऊन वर आम्हालाच खोटं पाडते!" "डोंगर दाखव म्हणावं, डोंगर!"

"अहो, पण त्यांनी मला जुने कागद दाखवले..." मृणालचा आवाज चिरकला.

"कागदाचं सांगू नकोस, बाळ," वैशालीताई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "अभ्यास कमी पडला हे कबूल कर. पुन्हा काढ फिल्म."

मृणालनं लॅपटॉप मिटला. तिनं वायर गुंडाळायला घेतली. तिरोडकरांनी ते पाहिलं आणि त्यांचं हसू पार विरलं. ही पोर दोन वर्षं उन्हातान्हात वणवण फिरली, एकटीच खरं बोलली, आणि हिला खोटी ठरवताहेत? आणि ते कोणाच्या थापेपायी? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते उठून पुढे गेले.

"ऐका सगळे. ही मुलगी खरं बोलते. मी तेरावा भाग पाहिलेला नाही. मी त्या दिवशी झोपलो होतो. इंदू उतरली, चालत आली, ते सगळं मी माझ्या मनानं सांगितलं. शप्पथ!"

 तिरोडकरांनी छाती भरून श्वास घेतला. तीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. आता लोकांनी जोडे मारले तरी चालतील.

"तुम्ही नसेल पाहिला," वैशालीताई थंडपणे म्हणाल्या. "आम्ही पाहिलाय."

"अहो, पण तो झालाच..."

"काका, तुम्ही झोपनात त्यामा आमना काय दोष?" चिंधा म्हणाला. "आम्ही जागा व्हतूत ना!"

"आणि न बघता इतकी वर्षं अध्यक्ष?" मागून कोणीतरी ओरडलं. "कमाल आहे! ज्यानं शेवट पाहिला नाही, तो अध्यक्ष कसा?"

मुद्दा बिनतोड होता. हात वर झाले, आणि दोन मिनिटांत वैशालीताई 'पत्ता परिवारा'च्या अध्यक्ष झाल्या. पहिला ठराव झाला तो मृणालचा. चुकलं तिचं, पण पोर मेहनती आहे, तेव्हा तिनं इथेच थांबून साक्षीदारांच्या मुलाखती घ्याव्यात आणि फिल्म सुधारावी. मृणालनं एकदा तिरोडकरांकडे पाहिलं, एकदा त्या उत्सुक चेहऱ्यांकडे पाहिलं, डोळे पुसले आणि कॅमेरा बाहेर काढला. तिच्या तोंडावर हसू फुटत होतं.

तिरोडकर पडेल चेहऱ्यानं बायकोशेजारी येऊन बसले. सुलभाताईंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"मग आधी नाही का सांगायचं? इतकी वर्षं बिचारे शेवट न कळता राहिलात!" त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. "ऐका, मी सांगते."

"अगं, तू त्या दिवशी क्वार्टर्समध्येच होतीस ना? अंधारात?"

"मध्ये बोलू नका. कॅमेरा चालू आहे. तर, गाडी सुटली. इंदू खिडकीशी बसलीय. बाहेर बघत नाहीये, मुद्दाम. पण पुढच्या थांब्याला गाडी थांबली आणि शेजारच्या म्हातारीनं विचारलं, पोरी, तू कोणाकडे चाललीस? आणि इंदूला उत्तरच देता येईना. कारण नागपुरात तिचं कोण होतं? कोणीच नाही. मग तिनं पेटी उचलली..."

ही म्हातारी तिरोडकरांनी कधीच सांगितली नव्हती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. 

"मग?" ते म्हणाले. "आली का ती परत?"

सुलभाताईंनी उत्तर द्यायच्या आधीच सगळा हॉल एका सुरात ओरडला, "आली!"