करंगळीचा सौदा

ठग कसा पकडायचा ते मला विचारा. म्हणजे तेव्हा विचारायला हवं होतं. तेव्हा मला सगळं येत होतं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती, मला फौजदार होऊन दोन महिने, आणि बुलढाणा जिल्ह्यातली फसवणूक दिवाळीच्या आत संपवून टाकायची असं मी ठरवून बसलो होतो.

आणि प्रकरणही तसंच चालून आलं. गोजरबाई नावाची एक विधवा शेतकरीण ठाण्यात आली आणि तिनं माझ्या टेबलावर नोटांचं पुडकं आपटलं. वरची नोट खरी, खालची खरी, मधे नुसते कापलेले कागद. तिची बैलजोडी नेऊन एका माणसानं तिच्या हातात हे ठेवलं होतं.

"माणूस कसा होता?"

"टोपीवाला. करंगळीत लाल खड्याची अंगठी. साहेब, मिरग आठ दिसावर आला. माहे बैल नाही भेटले तं वावर पडीक राहते यंदा."

"बाई, तुम्ही घरी बसा. चोर मी पकडतो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि निघून गेली.

माझा बेत झकास होता. ठग बैलबाजारात येणारच. आपण शेतकरी होऊन जोडी विकायला उभं राहायचं, तो आला की धरायचा. पोलीस पाटील उत्तमरावांची सहाशे रुपयांची जोडी एका दिवसापुरती मागून आणली. धोतर नेसलो, फेटा बांधला आणि हवालदार उकंडरावांना बजावलं, "मी फेटा काढेपर्यंत तुम्ही मला ओळखायचं नाही. माझा जीव गेला तरी नाही."

"हाव साहेब. पण बाजाराची रीत तुमाले..."

"मला सगळं माहीत आहे."

मला काडीचं माहीत नव्हतं. मी बुलढाण्यातल्या कारकुनाचा मुलगा. आमच्या घरी पाळलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे मांजर.

धामणगाव बढ्याच्या बाजारात उभा राहून घटकाही झाली नाही, तोच पुंजाजी नावाचा दलाल एका टोपीवाल्याला घेऊन आला. मी त्याच्या हाताकडे बघतो, तर हातावर उपरणं टाकलेलं! हात लपवतोय म्हणजे हाच.

"घाला हात," पुंजाजी म्हणाला.

मी घातला. टोपीवाल्यानं उपरण्याखाली माझी चार बोटं दाबली. मी म्हटलं, वा रे वा, चोर आपणहून हातात आला. चाचपडत चाचपडत त्याची करंगळी गाठली. अंगठी होती. खडासुद्धा लागला बोटाला. मग ती करंगळी अशी आवळली की ब्रह्मदेव आला तरी सुटली नसती.

टोपीवाल्याचे डोळे विस्फारले. "एकच?"

"एकच पुरे आहे," मी दात ओठ खाऊन म्हणालो.

पुंजाजीनं उपरणं झटकन उचललं. "झाला सौदा! जोडी शंभरात!"

त्या बाजारात भाव तोंडानं बोलतच नाहीत. उपरण्याखाली जितकी बोटं धराल तितके शंभर. त्यानं चारशे सांगितले होते आणि मी उलट शंभरावर उतरलो होतो. शिवाय तो ठगही नव्हता. उंद्रीचे रामराव होते ते, भला माणूस. अंगठी लेकाच्या लग्नात व्याह्यानं घातलेली.

"मला नाही विकायची जोडी," मी म्हणालो.

"काऊन? बोटं धरली, सौदा झाला," पुंजाजी म्हणाला. लोक जमायला लागले.

"अहो, पण हे बैल माझे नाहीत!"

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

"मंग कोणाचे?"

"पोलीस पाटील उत्तमरावांचे."

"दुसऱ्याचे बैल इकून राह्यला! हाच तो ठग, धरा बे त्याले."

"मी फौजदार आहे," मी ओरडलो.

"हाव, आन् मी कलेक्टर," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. पाच मिनिटांत मी हात मागे करून बंडीच्या चाकाला बांधलेला. समोरच उकंडराव तंबाखू मळत उभे.

"उकंडराव, सांगा ना यांना!"

उकंडरावांनी माझ्या फेट्याकडे पाहिलं. फेटा डोक्यावरच होता. काढणार कशानं, हात बांधलेले! "म्या नाही ओळखत याले," ते ठासून म्हणाले आणि मला हळूच डोळा घातला.

सगळा बाजार मला बघायला लोटला. खरा ठगही आपली जनावरं सोडून मजा बघायला आला. घरी बसायला सांगितलेली गोजरबाई मात्र दावणी धुंडत फिरत होती. ठगानं विकायला आणलेली तिचीच जोडी तिला दिसली आणि ती कासरा धरून तिथंच उभी राहिली. ठग परत आला आणि "सोड वं बाई" म्हणून त्यानं कासऱ्याला हात घातला. तिनं त्याच कासऱ्याचे दोन वेढे त्याच्या मनगटाला टाकले आणि बैलांना हाक दिली. बैल चालले, मागून ठग फरफटत.

त्याला माझ्याच शेजारी बांधलं. त्यानं माझ्याकडे आपुलकीनं बघून विचारलं, "नवा आहेस काय बे धंद्यात?"

गोजरबाईनं वाकून माझं तोंड निरखलं. "सोडा त्याले," ती म्हणाली, "फौजदारच आहे थो. मले म्हणे तू घरी बस."

रामरावांनी पोट धरून हसत जोडी परत केली. मी तडक ठाण्यात आलो आणि अहवाल लिहायला बसलो. अब्रूचा प्रश्न होता. 'आरोपीस गाफील ठेवण्यासाठी खाली सही करणाराने युक्तीने स्वतःस बांधून घेतले व ठरल्या बेताप्रमाणे आरोपीस जेरबंद केले.' चांगला दोन पानी झाला. तो साक्षीला आलेल्या गोजरबाईला वाचून दाखवला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली.

तिनं अंगठा पदराखाली घेतला.

"खोट्या कागदावर अंगठा नाही देत मी, साहेब. असल्याच कागदापायी तं तुमच्याकडं आल्ती."