पोपटअण्णांच्या जुड्या

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सकाळी कोणी योगासनं करतं, कोणी कुत्रं फिरवतं. पोपटअण्णा फोटो शोधतात. तळमजल्यावरच्या फ्लॅटचं दार सताड उघडं, डोक्यावर टोपी, पुढ्यात कॉम्प्युटर. जिन्यातून जाणारा कोणीही असो, त्याला हाक ठरलेली. "ओ साहेब, एखादा फोटो मागा."

मागितल्याशिवाय सुटका नसते. एकदा गॅसवाला आमचं भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा होता. वैतागून म्हणाला, तुमच्या मेव्हण्याच्या साखरपुड्याचा दाखवा. अण्णांनी मोठ्यानं आकडे मोजायला सुरुवात केली आणि पाच म्हणायच्या आत मेव्हणा पेढा खाताना हजर. गॅसवाला इतका थक्क झाला की सिलिंडर तसंच घेऊन परत गेला. आमच्या घरी दोन दिवस पोह्यांऐवजी फरसाण खाल्लं गेलं.

"एक मागितली तर एकच निघाली पाहिजे," हे अण्णांचं ब्रीद. फाइलबद्दल आहे ते.

अण्णांनी उभा जन्म मखमलाबादच्या मळ्यात काढला. मेथी, कोथिंबीर, झेंडू, शेवंती. मळा आता पुतण्या बघतो. पण अण्णांना तरुणपणापासून कॅमेऱ्याचा नाद. एकेका वाफ्याचे इतके फोटो की मेथीसुद्धा लाजली असेल. ते सगळे त्यांनी कॉम्प्युटरवर चढवून घेतले होते. मोजायला बसलो तर एक कुंभमेळा उलटून दुसरा दाराशी येईल.

आता माझं पाप सांगतो. ऑफिसात प्रिंटर अडकला की मला बोलावतात, एवढ्या भांडवलावर मी सोसायटीचा कॉम्प्युटरतज्ज्ञ आहे. अण्णांचा कॉम्प्युटर आचके द्यायला लागला तेव्हा त्यांनी विचारलं, फोटोंचा बॅकअप कसा घ्यावा. मी छाती फुगवून सांगितलं, सगळं दाबून एकाच फाइलमध्ये ठासा. जागा कमी, मुंगी शिरणार नाही.

"म्हंजे गोणी," अण्णा म्हणाले.

"गोणीच समजा," मी म्हणालो आणि चहा मागवला.

फोटो आधीच दाबलेले असतात, त्यामुळे वाचलेली जागा चिमूटभर होती, हे मला नंतर कळलं. आठवड्याभरात जुना कॉम्प्युटर मेला, नवा आला आणि हातात फक्त गोणी उरली.

अण्णांच्या बायकोला, सुमनकाकूंना, दोन वर्षांपासून विसर पडतो. एका दुपारी त्या जेवता जेवता थांबल्या आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाल्या, अहो, आपल्या विहिरीवर कर्दळ लावली होती ना? अण्णा ताट सोडून उठले. पण गोणीतून एक फोटो काढायचा तर अख्खी गोणी उसवावी लागते. किती उसवलं हे दाखवणारी पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिली. पाऊण तासानं कर्दळ पडद्यावर आली तेव्हा काकूंनी विचारलं, "कुणाचा मळा हाय हा?"

अण्णा वर माझ्याकडे आले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तिला आठवतं तेवढ्यापुरतं दार उघडतं. मी गोणी उसवत बसलो, तवर लागलं की हो."

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. अण्णांनी माझी अशी उलटतपासणी घेतली की कोर्टात वकिलानं घेऊ नये. फोटो फोल्डरमध्ये मोकळेच ठेवले तर? म्हटलं, निघतील झटपट, पण दुसऱ्या डिस्कवर नेताना पूर्ण दिवस जाईल, आणि वाटेत दोन-चार सांडले तर कळणारही नाही. मग मी झिप पुढे केली. तिच्यात प्रत्येक फोटो वेगळा बांधलेला असतो आणि कोण कुठे आहे याची यादी त्याच फाइलच्या शेवटी असते. यादी वाचायची, थेट त्याच फोटोवर हात घालायचा, बाकीच्यांना धक्काही लागत नाही.

अण्णांचा चेहरा उजळला. "ही तर जुडी. मेथी गोणीत कोंबली की लगदा, जुड्या बांधल्या की गिऱ्हाईक मागंल ती उचला. हे आधी बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

मी पुन्हा चहा मागवला नाही.

गोणी एकदाची पूर्ण उसवली. जुड्या बांधण्याआधी अण्णांनी दीड महिना खपून एकेका फोटोचं नाव बदललं. मी म्हटलं, तारखेनं लावा, सोपं पडेल. ते म्हणाले, तिला तारखा कुठं आठवतात? म्हणून नावं काकूंच्या तोंडची: 'काळी म्हैस बसंना', 'सासूबाई रुसल्या', 'यांची नवी सायकल'. आणि सकाळचा तो खेळ म्हणजे तालीम. हाताला गंज चढू नये म्हणून.

गेल्या आठवड्यात मी सोसायटीचं पत्रक द्यायला गेलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या. एकदम वळून म्हणाल्या, "अहो, झेंडूच्या पाट्या भरल्या का?"

अण्णांची बोटं अशी धावली की मला कीबोर्डची काळजी वाटली. काकूंची मान पुन्हा खिडकीकडे वळण्याआधी फोटो आला. झेंडूचा ढीग, शेजारी पदर खोचलेल्या, पंचविशीतल्या काकू. काकू पडद्याजवळ सरकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"ओला दिसतोय. पावसात तोडायला कुणी सांगितला?"

"चुकलं माझं," अण्णा म्हणाले.

"उद्या दसरा. पसरून ठेवा, सुकंल रातभर."

"ठेवतो."

अण्णा उठले, कपाटातून सतरंजी काढली, झटकली आणि हॉलच्या मधोमध नीट पसरून ठेवली.